तांबड्या मातीनं धरून ठेवलं

पांढऱ्या रश्शाशिवाय जेवण झालं असं ज्या गावात कुणी मानत नाही, त्या गावची मी. त्यामुळे रत्नागिरीकडे चार दिवस जायचं म्हटल्यावर घरात आधी माझ्या पोटाची चर्चा झाली, मग कामाची. "मासे नीट खाशील ना, का काटे काढत बसशील?" असं नवऱ्यानं विचारलं. माझ्या डोक्यात मासे नव्हतेच, एक विहीर होती.

विहीर सविताच्या परड्यातली. सविता हातखंब्यापासून आत एका वाडीत राहते आणि तिथल्याच शाळेत शिकवते. मी कोल्हापुरात मुलांना मातीचं रसायनशास्त्र शिकवते. शिक्षकांसाठी आम्ही एक शिबिर घेतलं, त्याला ती आली होती. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं आणि वैशाखात नळ कोरडा पडला की मी दोन वाड्या ओलांडून हंडे आणते. सासूबाई आजारी पडल्या तेव्हापासून सासऱ्यांनी विहीर झाकून ठेवलीय. कुणाला हात लावू देत नाहीत. का, तेही सांगत नाहीत."

"विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे?" मी सहज विचारलं.

"आता काही नाही. पूर्वी लाकडाची वखार होती. विजेचे खांब हिरव्या औषधात बुडवून काढायचे. सासरे तिथंच कामाला होते."

माझा कप हातातच राहिला. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला पाजायच्या त्या हिरव्या औषधात तांबं असतं, क्रोमियम असतं आणि सोमल असतो. सोमल म्हणजे आर्सेनिक. मी तिला म्हटलं, आधी पाणी पाठव. तपासण्यापुरतं झाकण सरकवून तिनं श्रावणात एकदा बाटल्या पाठवल्या, भात कापल्यावर पुन्हा पाठवल्या. दोन्ही वेळा पाणी चोख निघालं. मी मोठ्या आनंदानं फोन केला. दोन दिवसांनी तिचा उलटा फोन आला. "मॅडम, सासरे म्हणतात, आजचं पाणी चांगलं असेल. तेव्हाचं कसं होतं ते सांगा."

मी भडकलेच. तेव्हाचं पाणी काय मी बरणीत भरून ठेवलंय? पण संध्याकाळी मेथी निवडताना माझं मलाच सुचलं. पाणी वाहून गेलं, माती कुठं गेलीय? मेथी तशीच ठेवली आणि बॅग काढली.

घाटाखाली

आंबा घाट उतरला की आमची काळी जमीन संपते. कार्तिकातलं ऊन, सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं गवत पिवळं पडलेलं, आणि रस्ता रुंद करताना कापलेल्या दरडी इतक्या तांबड्या की डोळ्यांत भरतात. आमच्याकडे घर दगडाचं असतं नाहीतर विटांचं. इथं जमीनच चिरे कापून उभी करतात. त्या जांभ्यात लोखंड ठासून भरलेलं असतं, त्याचाच तो रंग. बरोबरचे प्रवासी डुलक्या काढत होते आणि मी एकटी खिडकीला नाक लावून दरडी बघत होते.

माती काढायचा लोखंडी गिरमिट एसटीत माझ्या पायांशी आडवा होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, बोअर मारायला चाललाय काय?" तेवढ्यावर भागलं असतं. पण साखरप्याला बॅग कलंडली आणि मातीतली मूलद्रव्यं मोजायचं माझं यंत्र बाहेर डोकावलं. ते दिसतं थेट पिस्तुलासारखं. शेजारच्या आजोबांनी आपली पिशवी उचलली आणि ते गपचूप मागच्या बाकावर जाऊन बसले. मी हाक मारून सांगितलं की मी शिक्षिका आहे. त्यांच्या तोंडावरून त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

हातखंब्याला सविताचा नवरा दिनेश रिक्षा घेऊन आला होता. मुंबईत बरीच वर्षं कंपनीत काढून तो आता कायमचा गावी आलाय. बोलका, हौशी माणूस. घरी पोचेपर्यंत त्यानं मला आपले पुढचे सगळे बेत सांगून टाकले. पडीक जमीन मोडायची, भात वाढवायचं, मागं काजू लावायचा.

ओटीवर अण्णा बसले होते. सविताचे सासरे, पंचाहत्तरी उलटलेले, शिडशिडीत. पावसाळ्याच्या तोंडावर पाय मोडला होता, त्यामुळे हातात काठी. मला गूळ-पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "प्या बिनघोर. नळाचा हाय." परड्यात विहीर दिसत होती. वर पत्रा, पत्र्यावर चिरे ठेवलेले. कडेला अनंताचं झाड होतं आणि ते मात्र हिरवंगार होतं. रात्री तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेला बांगडा झाला. मी काटे काढत बसले, हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.

वखारीची जागा

सकाळी अण्णा स्वतः आमच्याबरोबर वर आले. वखारीचं आता फक्त जोतं उरलंय. त्याच्याखाली उताराला शेताचा एक तुकडा आणि त्याच्याखाली घर नि विहीर. तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात अण्णांनी काठी टेकली.

"हितं," ते म्हणाले.

"काय इथं, अण्णा?"

"टाकीचा गाळ. पावसाआधी टाकी धुवायची. मुकादम बोलायचा, ओत तिकडं. मी ओतायचो. हिरवागार असायचा." मग काठीनं बाजूचा चर दाखवत म्हणाले, "नंतर माझ्या मनात आला, ह्या पानी खाली आपल्या हिरीत जायल. म्हनून मी ह्यो चर खनला, पानी बाजूच्या पऱ्याला, ओढ्याला लावून दिला. वखार बंद पडली तरी दर साली चर उपसत ऱ्हायलो."

दिनेश चकित होऊन बापाकडे बघत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

आम्ही चराच्या काठानं कामाला लागलो. गिरमिट फिरवायचा, वीतभर माती वर काढायची, कागदावर पसरायची, यंत्र टेकवायचं. गाळ ओतला त्या जागी वरच्या थरात आकडा असा उसळला की मी यंत्र झटकून पुन्हा टेकवलं. तोच आकडा. पण हातभर खाली गेल्यावर तो झरझर उतरला आणि त्याच्याही खाली आकडा साधा, चार शेतांत असतो तसा. सोमल एवढी वर्षं तिथंच बसून होता. खाली गेलाच नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना तिथंच उन्हात उभं करून शिकवायला लागले. सोमलाला लोखंडाच्या गंजाची भारी ओढ. आधी तो ताज्या, भुसभुशीत गंजाला वरवर चिकटतो. मग वर्षं जातात तसा गंज घट्ट होत जातो, त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि सोमल त्यांच्यात मुरतो. लिंबाच्या फोडीत मीठ मुरतं तसा. पहिल्या आठवड्यात मीठ धुऊन काढता येईल, वर्षानं येईल का? "तुमच्या जांभ्यानं धरून ठेवलंय," मी म्हटलं. "नशीबवान आहात. आमच्या काळ्या मातीला हे इतकं जमलं नसतं."

"म्हंजे हिरीत न्हाय गेला?" अण्णांनी विचारलं.

"वाटेतली माती अजून बघायचीय, मग सांगते." पण माझा चेहरा सगळं सांगत होता, आणि तिथंच माझं चुकलं.

पहिलं भात

दुपारी पानं मांडली. सविताची चिमुरडी माझ्या शेजारी बसली. ताटात वाफाळता भात आला, मऊ, किंचित चिकट, नव्या तांदळाच्या गोडसर वासाचा. त्यावर डाळीचं वरण, बाजूला वालाची उसळ आणि सोलकढी. इकडं नवा तांदूळ घरात शिजला की पहिलं ताट पाहुण्याचं. ते माझ्या पुढ्यात होतं, आणि खरं सांगते, मला भरून आलं. ओळख ती काय, शिबिरातल्या चहाची.

"गरवं भात आहे, उशिरा तयार होतं," दिनेश हौसेनं सांगू लागला. "परवाच झोडलं. काल मुद्दाम तुमच्यासाठी गिरणीवरून सडून आणलं. अजून कुणी चव पण घेतली नाही."

"कुठल्या शेतातलं?" मी घास कालवत विचारलं.

"वरच्याच. सकाळी तुम्ही माती काढलीत ना, त्या तुकड्यातलं. अण्णांचा पाय प्लास्टरमध्ये होता, ते रत्नागिरीत मांडवीला आत्याकडे होते, तेवढ्यात मी चराचं खालचं तोंड बुजवलं, खालनं बांध घातला आणि लावणी केली. पाणी असं तुंबलं मॅडम, पीक बघायला पाहिजे होतं तुम्ही!"

माझा हात ताटातच थांबला. आमच्याकडे उसाला पाणी दिलं की दोन दिवसांनी वाफसा येतो, माती पुन्हा मोकळी होते. शेतात महिनोन्महिने पाणी उभं, ही गोष्ट माझ्यासारख्या ऊसपट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. सकाळी मी चराच्या काठची कोरडी माती बघितली आणि व्याख्यान ठोकलं. आतला, पाण्यात बुडालेला भाग मी बघितलाच नव्हता.

घासभर भातानं मला काही झालं नसतं. मुकाट्यानं जेवून मग सविताला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण शेजारी ती पोर घास तोंडाकडे नेत होती.

"थांबा," मी म्हटलं, जरा जोरातच. "हा भात कुणी खाऊ नका."

सवितानं पोरीचा हात धरला. मग दिनेशचा आवाज चढला. "सकाळी तुम्हीच बोललात ना, जमिनीनं धरून ठेवलंय म्हणून? आता काय झालं?"

"धरून ठेवलंय ते कोरडं असेपर्यंत," मी म्हटलं. "पाणी तुंबलं की मातीतली हवा जाते. मग मातीतले जिवाणू श्वासासाठी गंजच वापरायला लागतात. गंज विरघळतो. त्याला धरून बसलेला सोमल सुटतो. आणि भातासारखं दुसरं पीक नाही सोमल ओढून घेणारं. माझी चूक झाली दिनेश. मी अर्धं बघून पूर्ण बोलले."

तो ताटावरून उठून बाहेर गेला. अण्णांनी नातीचं ताट ओढून घेतलं, मग सविताचं, मग माझं, आणि सगळा भात परत पातेल्यात काढला. सविता चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "पीठ जुन्या तांदळाचं आहे मॅडम. दहा मिनिटांत भाकऱ्या करते. उपाशी कुणी उठायचं नाही." यजमानांच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्या पाहुणीला त्या घरानं त्यानंतर तीन भाकऱ्या वाढल्या. तिसरी मी नको म्हणत होते.

चार घास खाऊन मी वर जाऊन आले. बांधाच्या आतली माती उकरली तर वर तांबडी आणि खाली निळसर करडी, कुजका वास येणारी. बांधाच्या कडेला साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तांबूस तवंग होता. गंज विरघळून वर आल्याची खूण. आता काळजी होती ती विहिरीची. यंदा पहिल्यांदाच ते सुटं झालेलं पाणी खाली मुरत असणार, आणि सवितानं बाटल्या भरल्या तेव्हा ते विहिरीपर्यंत पोचलं नसेल.

मांडवी

पाणी जागेवर तपासायची पेटी मी आणली होती, पण तिच्यातल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीचं बूच प्रवासात निघालं होतं. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, म्हणून सविता नि मी रत्नागिरीला गेलो. पाणी मिळालं, आणि इतक्या लांब आलात तर समुद्र बघा म्हणून ती मला मांडवीला घेऊन गेली. वाळू काळसर, भेळेच्या गाड्या लागलेल्या, माणसं निवांत. आमच्या रंकाळ्यावर असते तशीच संध्याकाळ, फक्त पलीकडचा काठ नाही.

भेळ खाताना सविता म्हणाली, "तुमच्यावर नाही रागावलेत हे. यांचा राग जुना आहे. सासूबाई शेवटी शेवटी एकच मागायच्या, आपल्या विहिरीचं पाणी द्या. नळाचं पाणी तोंडात धरायच्या नि थुंकायच्या. अण्णांनी दिलं नाही. हे सुट्टी काढून आले होते, पाया पडले, तरी दिलं नाही. कारण पण सांगितलं नाही. यांनी ते मनातून काढलेलं नाही अजून."

मला त्या वेळी लख्ख दिसलं की तो म्हातारा मला काय विचारत होता. तेव्हाचं पाणी कसं होतं, म्हणजे मी तिला मारली का. भेळेचा कागद मी तसाच गुंडाळला.

विहीर

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात गेले तर दिनेश आधीच आला होता. हातात फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. रात्री नीट बोलला नव्हता. आता म्हणाला, "बांध फोडला, चर मोकळा केला. तो तांदूळ पोत्यात बांधून ठेवलाय, पेंढा पण गुरांना टाकला नाही. पुढं सांगा काय करू."

"विहिरीचा गाळ पाहिजे. तळातला."

पत्रा निघाला. विहीर अख्खी चिऱ्यांत बांधलेली, उतरायचे पायटे पक्के, पाणी आरशासारखं. दिनेश कमरेला दोर बांधून उतरला, आणि दोराचं दुसरं टोक अण्णांनी धरलं. गडगडा होता, वाडीतले दोघे मदतीला होते, तरी त्यांनी दोर सोडला नाही. दिनेशनं बुडी मारली, दोन डबे गाळ वर दिला. नारिंगी, लोण्यासारखा. मीही तोवर शेतापासून विहिरीपर्यंत ओळीनं भोकं पाडून माती काढली.

सोमल पाण्याबरोबर खाली आला असता तर जांभ्यातल्या लोखंडानं त्याला वाटेत जागोजाग पकडलं असतं, आणि सगळ्यांत जास्त त्या तळच्या गंजाळ गाळानं. तो गाळ म्हणजे विहिरीच्या आयुष्यभराचं साचलेलं. मी यंत्र टेकवलं. काही नाही. दुसऱ्या डब्याला टेकवलं. काही नाही. वाटेतल्या मातीत काही नाही. मग यंदाची धास्ती म्हणून विहिरीच्या पाण्यात पेटीतली पूड टाकली, झाकणात कागदाची पट्टी लावली आणि सगळे ओटीवर बसून राहिलो. पट्टी पिवळी पडली तर सोमल. ती पांढरी ती पांढरीच राहिली.

पट्टी झाकणातून काढली. मी अण्णांच्या समोर जमिनीवर बसले.

"अण्णा, आज पाणी चोख आहे. आणि पूर्वीही होतं. तुम्ही ओतलेलं औषध हातभर जमिनीच्या खाली गेलं नाही. मातीनं धरलं, आणि तुम्ही चर उपसत राहिलात म्हणून तिला धरता आलं. सविताच्या सासूबाई कशानं गेल्या ते मला सांगता येणार नाही. या विहिरीनं गेल्या नाहीत, एवढं मी तुम्हाला शपथेवर सांगते."

मला वाटलं होतं, त्यांचा जीव हलका होईल. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली. मग म्हणाले, "म्हंजे तिला दिला असता तरी चालला असता."

मी यंत्र बॅगेत ठेवलं. ह्याचा आकडा त्यात निघणार नव्हता.

दिनेश ओल्या कपड्यांनी समोर उभा होता. तो पुढं आला आणि बापाच्या शेजारी बसला. "अण्णा, बोलायचं ना मला," एवढंच म्हणाला. "भीती वाटायची म्हणून नाही दिलंत. मी समजलो, हट्ट आहे."

"काय बोलनार होतो? तुझ्या आवशीला मी वीख पाजला, ह्यो बोलू?"

पुढं तांदळाचा निकाल आला तो वाईटच होता. पोतं नि पेंढा गुराढोरांच्या वाटेला जाणार नाही अशी तजवीज केली. दिनेशनं एका वर्षाची मेहनत गेल्याचं दुःख केलं, पण माझ्यावर डाफरला नाही. त्या तुकड्यावर आता उभं पाणी नको, भात नको, चर दरसाल उपसायचा आणि विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा माझ्याकडे यायचं, असं ठरलंय. पाण्याबरोबर सविता आमसुलं पाठवते. रश्शाच्या या गावात आता आमच्या घरी आठवड्यातून एकदा सोलकढी होते. त्या घरानं मला काय दिलं त्याचा हिशेब मी करत नाही, कारण तो फिटायचा नाही.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं. अण्णा उठले, काठी भिंतीला लावून ठेवली आणि लंगडत विहिरीशी गेले. कळशी स्वतः सोडली, स्वतः ओढली. सविता धावली तर हातानंच थांबवलं. पितळी तांब्या भरला. मला वाटलं, आता पितील.

ते अनंताच्या झाडापाशी वाकले. झाड सविताच्या सासूबाईंनी लावलेलं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तांब्या बुंध्याशी हळूहळू रिता केला, आजाऱ्याला पाजतात तसा, मधे मधे थांबत.

"घे गो," म्हणाले. "आपल्या हिरीचा हाय."

मग दुसरा तांब्या भरला आणि दिनेशच्या हातात दिला. तो पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग स्वतः प्यायले.